हळदीचे हात

पूर्वी वेत्रवन नगरात मणिवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सारण ठेवले. आजाकडून बापाकडे आणि बापाकडून त्याच्याकडे आलेली विद्या त्याने मन लावून शिकून घेतली, आणि केस पिकायच्या आतच तो नगराच्या आरोग्यशाळेचा मुख्य वैद्य झाला. ही आरोग्यशाळा वेशीच्या बाहेर होती. आत यायला कोणाला वेस ओलांडावी लागू नये, म्हणून जुन्या लोकांनी ती तशी बांधली होती.

त्या प्रदेशात जखमेत हळद भरण्याची रीत होती. सकाळी पाट्यावर ओली हळद वाटायची, तुपात कालवायची आणि बोटांनी जखमेत भरायची. त्यामुळे वैद्य म्हटला की त्याचे हात मनगटापर्यंत पिवळे असायचे. कितीही धुतले तरी तो रंग जात नसे. सारणाची मुलगी शाल्मली हीसुद्धा वैद्य होती. तिची आई लहानपणीच गेली होती आणि ती बापाच्या पाट्यापाशीच वाढली होती. शेजारच्या बायका सारणाला विचारायच्या, "वैद्यबुवा, मुलीचे हात पिवळे कधी करणार?" तेव्हा शाल्मलीच आतून ओरडायची, "बघा की, केव्हाचेच झालेत!" आणि बायका हसत पुढे जायच्या.

वेत्रवन आणि पर्णशिला ही दोन राज्ये पिढ्यानपिढ्या भांडत आली होती. नदी एकच, आणि तिच्या पाण्यावर दोघांचा डोळा. मात्र या भांडणात पिवळ्या हातांच्या माणसावर कधी कोणी शस्त्र उचलले नव्हते. तसा काही करार झालेला नव्हता, कोणी शिळेवर लेख कोरलेला नव्हता. शिपायाला एवढे ठाऊक होते की आज आपण उभे आहोत, उद्या आडवे होऊ, आणि तेव्हा हेच हात येतील. म्हणून चौकीवर पहारेकरी म्हणे, "हात दाखवा." वैद्य तळवे पुढे करी आणि भाला खाली होई. नाव विचारीत नसत, गाव विचारीत नसत. बाण सुटू लागले तर वैद्याने जागच्या जागी थांबून दोन्ही हात वर करायचे, हे नव्या वैद्याला नाडी बघायला शिकवण्याच्याही आधी शिकवीत.

ही खूण वैद्यांनी जिवापाड जपली होती. एकदा वेत्रवनचा एक भित्रा शिपाई हातांना हळद फासून रणातून पळाला. तो सापडला तेव्हा राजाची शिक्षा व्हायच्या आत वैद्यांनी त्याला मागून घेतले आणि वर्षभर पाट्यावर हळद वाटायला बसवले. "फुकट पिवळे केलेस, आता घाम गाळून पिवळे कर," असे त्याला सांगितले. लोक हसले, पुढे तोही हसला. तेव्हा अशा गोष्टींवर हसता येत होते.

मग एका उन्हाळ्यात पर्णशिलेच्या सैन्याने नदीवरचा वरच्या अंगाचा बंधारा घेतला, त्याच्या फळ्या बसवल्या आणि वेत्रवनचे पाणी तोडले. नदी नगरापाशी येईपर्यंत वाळूच उरली. विहिरी खारट होत्या. लोक डबक्यातले पाणी फडक्याने गाळून पिऊ लागले, आणि पोरांना हगवण लागली. आरोग्यशाळेत जखमा धुवायला पाणी नव्हते. बाणाने मेला नसता तो शिपाई जखम सडून मरू लागला.

मणिवर्मा राजाने सारणाला बोलावून घेतले. सेनापती वज्रक तिथे बसलेला होता.

"वैद्यराज," राजा म्हणाला, "त्या बंधाऱ्यावर एकाच जातीचा माणूस बिनदिक्कत जातो. तुमचा."

सारणाला पुढचे कळले.

"निवडक शिपाई देतो. त्यांचे हात तुमच्यासारखे करा. जखमींना कसं उचलायचं, कसं चालायचं, ते शिकवा. तलवारी जखमी वाहायच्या झोळ्यांत झाकून जातील. फळ्या काढल्या की झालं."

"महाराज, माणसं मागा, मी देतो. जखमी आणायला हव्या तितक्या फेऱ्या मारतो. हात देता येणार नाहीत."

"पोरं मरताहेत. तुमच्याच शाळेत येतात ना ती?"

"येतात. काल माझ्या मांडीवर गेलं एक."

"आणि तरी नाही म्हणता?"

"तुमची माणसं या हातांनी एकदा आत जातील," सारण म्हणाला. "पाणी येईल, ते मी नाकारत नाही. पण पुढच्या वेळी पहारेकरी हात बघेल आणि भाला खाली करणार नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, महाराज, काळ सोकावतो. आज पाण्यासाठी, उद्या धान्यासाठी, परवा नुसतं सोयीचं म्हणून."

वज्रक म्हणाला, "काट्यानं काटा काढायचा. यात एवढा विचार कसला?"

"तो काटा नाही, सेनापती. काटा मोडल्यावर ज्याच्यापाशी जायचं, तो माणूस आहे तो."

मणिवर्मा राजा वाईट नव्हता. वाईट राजाला नाही म्हणणे सोपे असते. या राजाचे डोळे न झोपल्याने लाल झाले होते, आणि राणीवशातले पाणीही त्याने आरोग्यशाळेत पाठवले होते. त्याने सारणाला दटावले नाही. "ठीक आहे, या तुम्ही," एवढेच म्हणाला, आणि या मसलतीबद्दल बाहेर बोलू नका असे सांगितले. सारणाने मान डोलावली.

इथे सारणाची चूक झाली, आणि ती वैद्याचीच चूक होती. ऐकलेले पोटात ठेवायचे, ही वैद्याची सवय. रोग्याचे गुपित जसे ठेवावे, तसे त्याने राजाचेही ठेवले. धाकट्या भावालासुद्धा तो बोलला नाही. आपण नाही म्हटले म्हणजे ते प्रकरण संपले, असे त्याला वाटले.

धाकटा भाऊ म्हणजे नंदक. तो विषवैद्य होता. साप, विंचू, विषारी कंद यांवरचा त्याचा उतारा दोन्ही राज्यांत नावाजलेला होता. मन मात्र लोण्याचे. इतकी वर्षे आरोग्यशाळेत काढूनही कोणाचे पोर गेले की तो कोपऱ्यात जाऊन रडायचा. सारण त्याला कधी रागावत नसे. "तू रडतोस म्हणून मला कोरडं राहता येतं," असे म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सारण, शाल्मली आणि आणखी काही वैद्य रोजच्या रिवाजाप्रमाणे पर्णशिलेच्या छावणीकडे गेले. आदल्या दिवशीच्या चकमकीतले दोन्हीकडचे जखमी तिथे पडून होते. नंदक मागे राहिला. तो एका मजुराच्या पोराच्या तोंडात उसाच्या कांडाचा रस पिळीत होता. ते पोर त्याच्या हातातच थंड झाले. त्याने वर पाहिले, तेव्हा दारात राजा आणि वज्रक उभे होते.

वज्रकाने तेच मागितले.

"दादांना विचारलं का?" नंदक म्हणाला.

"ते पलीकडे गेलेत," वज्रक म्हणाला. हे खोटे नव्हते.

"म्हणजे आमची माणसं त्यांच्या छावणीत आहेत. शाल्मली आहे."

"ती दुपारपर्यंत परत येतात ना? ती वेशीत आली की आमची निघतील. त्याआधी नाही. माझा शब्द."

नंदकाने हातातल्या पोराकडे पाहिले. तो आयुष्यभर एक गोष्ट शिकत आणि शिकवीत आला होता: विषही मात्रेत दिले तर औषध होते. बचनाग माणसाला मारतो, आणि मुगाच्या दाण्याएवढा शुद्ध करून दिला तर ताप उतरवतो. त्याला वाटले, खोटेही तसेच असेल. एकदाच, थोडेसे, एवढ्या पोरांसाठी. दुसऱ्या कोणाला असे सुचले नसते. ते विषवैद्यालाच सुचायचे होते.

त्याने पाटे मांडले. शिपायांना हळद वाटायला बसवले, कारण नुसती फासलेली हळद ओघळते आणि वाटताना मुरलेली टिकते. झोळीचा बांबू खांद्यावर कसा घ्यायचा, जखमीला धक्का न बसेल असे पाय कसे टाकायचे, जखमी दिसला की आधी त्याच्या डोळ्यांकडे कसे बघायचे, हे सगळे त्याने शिकवले. चांगले शिकवले. तो चांगला शिक्षक होता.

वज्रकाने शब्द पाळला नाही. बंधाऱ्यावरचा पहारा माध्यान्हीच्या आधी बदलतो आणि त्या घटकेला माणसे कमी असतात, असे हेराने सांगितले. मग तो थांबला नाही. नंदक नव्या रोग्यांत गुंतला होता. शिपाई कधी निघाले, हे त्याला समजलेच नाही.

बंधाऱ्याच्या चौकीवर गोभिल नावाचा म्हातारा नायक होता. लंगडत चालायचा. त्याचा मोडलेला पाय कधीकाळी सारणानेच बसवला होता, आणि त्या पायाने पाऊस आधी कळतो असे तो ज्याला त्याला सांगायचा. झोळ्या घेतलेली माणसे येताना दिसली तेव्हा त्याने रीतीप्रमाणे म्हटले, "हात दाखवा." पिवळे तळवे पुढे आले. गोभिलाने आपल्या हाताने अडसर काढला. "उन्हाचे आलात, ताक घ्या आधी," असे म्हणून तो मडके आणायला वळला, आणि पाठीत वार बसला. पहाऱ्यावर त्याचा मुलगाही होता. तो गोभिलाच्या डोळ्यांदेखत मेला.

फळ्या निघाल्या. पाणी सुटले.

छावणीत सारण तेव्हा एका पर्णशिलेच्या तरुणाचे फाटलेले पोट शिवीत होता. बाहेर आरडाओरडा झाला, पण शिवण अर्धी सोडता येत नाही, म्हणून त्याने मान वर केली नाही. एवढ्यात काही जण गोभिलाला उचलून आत घेऊन आले. सारणाने टाका गाठून घेतला आणि तो त्याच्याकडे धावला. जखम खोल होती, पण त्याने याहून खोल जखमा बऱ्या केल्या होत्या. त्याने हात पुढे केला.

गोभिलाने ते हात पाहिले आणि तो किंचाळला.

"हात लावू नको! दूर! ते हात दूर!"

"गोभिल, मी आहे. सारण. पाय बसवला होता तुझा."

"तुमचेच आले होते," म्हातारा म्हणाला. "हात दाखवून आले. मीच आत घेतलं. माझ्या पोराला... मीच अडसर काढला."

सारण जवळ गेला की तो कोपरांवर सरपटत मागे सरे, आणि सरपटताना जखम आणखी उघडत जाई. वैद्याला आयुष्यात पुष्कळ प्रकारचे रोगी भेटतात. ज्याला आपल्या हातांचेच भय वाटते, असा रोगी सारणाला पहिल्यांदा भेटला. तो मागे झाला. मागे झाल्याशिवाय गोभिल स्थिर पडला नसता. आणि तसाच, बरी होण्यासारखी जखम घेऊन, त्याच्यापासून दोन हातांवर गोभिल मेला.

बाहेर पर्णशिलेच्या सेनापतीने हुकूम दिला होता: ज्याचे हात पिवळे, त्याला मारा.

शाल्मली तेव्हा मैदानात होती. तिच्या झोळीत वेत्रवनचा नव्हे, पर्णशिलेचाच शिपाई होता. बाण सुटताना दिसले तेव्हा तिने झोळी हळूच खाली ठेवली, जागच्या जागी थांबली, आणि शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात वर करून तळवे दाखवले. इतर वैद्यांनीही तेच केले. पळाले असते तर एखादा वाचला असता. हात वर केल्यामुळे कोणाला मारायचे ते लांबूनही ओळखू येत होते. झाले ते असे झाले.

सारणाकडेही तलवारी घेऊन लोक येत होते. ज्याचे पोट त्याने शिवले होते, त्या तरुणाने आपले पांघरूण त्याच्यावर ओढले. "वैद्यबुवा, हात आत घ्या," तो कुजबुजला. "माझ्याशेजारी पडा. कण्हा." आणि सारण जखमींत जखमी होऊन पडला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा हात लपवले. मारेकरी पुढे गेले.

पर्णशिलेच्या सेनापतीने मैदानातली पिवळ्या हातांची प्रेते वेत्रवनच्या वेशीसमोर टाकायला लावली. प्रेते वाहणाऱ्यांच्या गर्दीत, पांघरूण अंगाभोवती गुंडाळून, सारण आपल्या मुलीच्या मागोमाग परत आला.

नगरात त्या दिवशी पाणी आले होते. लोक नदीच्या पात्रात उतरून नाचत होते. आया पोरांच्या तोंडावर पाणी मारीत होत्या. राजाने साखर वाटायला सांगितली होती. नंदक आरोग्यशाळेच्या पायरीवर भरलेली घागर घेऊन उभा होता आणि रडत होता. या वेळी तो आनंदाने रडत होता. मग त्याने दादाला येताना पाहिले, आणि दादाच्या खांद्यावर कोण आहे तेही पाहिले.

सारणाने शाल्मलीला ओसरीवर निजवले. घागरीतले पाणी घेतले आणि तिचे तोंड पुसले.

"वज्रक म्हणाला होता की तुम्ही परत आल्यावरच," नंदक म्हणाला. "दादा, मी मात्रा... मला वाटलं थोडंसं..."

"मात्रेचं नाही रे," सारण म्हणाला. "बचनाग आपण रोग्याला देतो. हे तू विहिरीत टाकलंस."

नंदकाने पायरीवर डोके आपटून घेतले. सारणाने त्याचे डोके धरले आणि आपल्या गुडघ्यावर ठेवले. तो रागावला नाही, आणि त्याने क्षमाही केली असे म्हणता येणार नाही. त्याच्यापाशी त्या वेळी दोन्ही नव्हते. नदीकडून गाण्याचा आवाज येत राहिला.

त्या पाण्याचेही फार दिवस सुख लागले नाही. सुडाने पेटलेल्या पर्णशिलेने बंधारा पुन्हा घेतला आणि या वेळी वेढा पार भिंतीपर्यंत आणला. वेशीबाहेरची आरोग्यशाळा जाळली. आतले काही रोगी चालत बाहेर पडू शकत होते, काही नव्हते. इतकी वर्षे जिच्याभोवतीचे गवतसुद्धा कोणी तुडवले नव्हते, ती शाळा एका सकाळीत राख झाली.

उरलेले वैद्य आता हात धुऊ लागले. माती लावली, राख लावली, ताक लावले. पिवळेपणा जाईना. मग कोणीतरी चुन्याची निवळी आणली. पण घरात कुंकू करणाऱ्या बायकांना जे ठाऊक असते, ते घाईत या जाणत्या माणसांच्या लक्षात आले नाही. चुना लागताच हळद लाल झाली. मनगटापर्यंत लाल हात घेऊन वैद्य एकमेकांकडे बघत राहिले. एका म्हाताऱ्या वैद्याला हसू फुटले, आणि ते हसू काही केल्या थांबेना. शेवटी त्याला धरून निजवावे लागले.

मणिवर्मा राजाने भिंतीवरच्या धनुर्धरांना नवा हुकूम दिला. पिवळ्या हातांचे कोणी भिंतीकडे येताना दिसले, तर विचारू नका, बाण सोडा. आपण जे त्यांच्याशी केले, तेच पर्णशिलेचे लोक आपल्याशी करतील, असे त्याला वाटे. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, ते असे. राजाला आता पाण्याच्या काळजीनेही झोप येत नव्हती आणि हळदीच्या भीतीनेही.

चकमकी होत, आणि मैदानात माणसे पडून राहत. त्यांना उचलायला कोणी जात नसे. उन्हात पडलेला माणूस आधी आपल्या सोबत्यांची नावे घेतो, मग आईचे, मग नुसते पाणी मागतो, आणि मग तेही थांबते. हे सगळे भिंतीवरून ऐकू येई. ऐकू येऊ नये म्हणून लोक भांडी वाजवीत.

असेच एका दुपारी भिंतीपासून बाणाच्या टप्प्यात दोघे जण पडले होते, एक वेत्रवनचा, एक पर्णशिलेचा. दोघेही पाणी मागत होते. सारणाने पाटा काढला आणि हळद वाटायला घेतली.

नंदकाने त्याचा हात धरला. "दादा, तिकडचे तुला बघताच मारतील."

"मारतील कदाचित."

"मग हात झाकून जा. साधा माणूस म्हणून जा. मी येतो तुझ्यासोबत."

"झाकून गेलो तर वैद्य आला हे त्या पडलेल्यांना कळणार नाही. ते मला लुटारू समजतील." तो थोडा थांबला. "आणि मी एकदा झाकलेत, नंदका. त्या दिवशी, पांघरुणाखाली. वाचलो. पण शाल्मली हात वर करून उभी होती आणि मी झाकून पडलो होतो. ते पुन्हा नको."

"तुझ्या एकट्याच्या जाण्यानं काय परत येणार आहे?"

"काही नाही," सारण म्हणाला. "पण हे हात म्हणतात की मी फक्त बरं करायला आलोय. ज्याच्या हातून ते खोटं झालं, त्यानं ते तसंच सोडलं. कोणाच्या तरी हातून ते खरं असलं पाहिजे. निदान आजच्या दुपारी."

तो वेशीच्या लहान दिंडीदरवाजातून बाहेर पडला. खांद्यावर पाण्याची पखाल, हात बाजूला मोकळे, तळवे पुढे. समोर पर्णशिलेच्या धनुर्धरांनी दोऱ्या ताणल्या. त्यांच्यातल्या कोणी बाण सोडला नाही. का, ते सांगता येत नाही. एकट्या माणसाचे त्यांना हसू आले असेल, किंवा हुकूम देणारा जेवायला गेला असेल.

सारण आधी पर्णशिलेच्या शिपायापाशी गेला, कारण तो जवळ होता. त्याला पाणी पाजले, जखम भरली, बांधली आणि झाडाच्या सावलीत ओढून ठेवले. मग वेत्रवनच्या शिपायाकडे गेला. त्याला पाजले, बांधले, खांद्यावर घेतले, आणि तो आपल्या नगराकडे वळला.

आता तो पिवळ्या हातांनी भिंतीकडे येत होता.

भिंतीवर जो धनुर्धर होता, तो बंधाऱ्यावर गेलेल्यांपैकीच एक होता. नंदकाने त्याला शिकवले होते. पिवळे हात, खांद्यावर झोकलेले शरीर, जपून टाकलेले पाय, हे सगळे त्याने पाहिले आणि ओळखले. आपणही असेच चाललो होतो. नंदक खालून ओरडत होता, "तो दादा आहे! सारण आहे!" भांडी वाजत होती, आणि ते ओरडणे वर पोचले नाही. पोचले असते तरी त्याने विश्वास ठेवला असता की नाही, कोणास ठाऊक. त्याने बाण सोडला, आणि नेम चांगला होता.

सारण गुडघ्यांवर बसला. खांद्यावरच्या माणसाला त्याने पडू दिले नाही, हळूच खाली ठेवले. त्याचे दोन्ही हात सवयीने वर गेले. दुसरा बाण त्यांच्यामधून आला.

पर्णशिलेच्या रांगेतून तेव्हा कोणी भाला खाली केला आणि दोन्ही सैन्ये रडली, असे काही लोक पुढे सांगत. ते ऐकायला बरे वाटते. तसे घडले नाही. ज्याला त्याने आणले होते, तो शिपाई भिंतीच्या पायथ्याशी संध्याकाळी गेला, आणि झाडाच्या सावलीत ठेवलेलाही वाचला नाही. युद्ध त्यानंतरही चालले, आणि ते कोणी जिंकले हे आता कोणाला आठवत नाही. वैद्यांच्या मुलांनी कोणी कुंभारकी धरली, कोणी गुरे राखली. नंदकाने पुन्हा कोणाची नाडी धरली नाही. त्या प्रदेशात पुढे कित्येक पिढ्या माणसे जखमेने नव्हे, जखमेपाशी कोणी न आल्याने मरत राहिली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, उपशांत नावाच्या भिक्खूला सांगितली. सीमेवरच्या दोन गणांत तेव्हा लढाई चालू होती. भिक्खू दोन्हीकडच्या जखमींची शुश्रूषा करीत, आणि अंगावरचे भगवे वस्त्र, म्हणजे चीवर, पाहून कोणी त्यांना अडवीत नसे. वेढ्यात सापडलेल्या एका गावात पोरे उपाशी मरताना पाहून उपशांताला राहवले नाही. त्याने काही शिपायांना भिक्खूंची चीवरे दिली. त्यांनी ती पांघरून चौकी मारली, आणि धान्याच्या गाड्या गावात गेल्या. तेव्हापासून त्या वाटेवर भिक्खू दिसला की त्याला ठेचले जाई. तीन आजारी भिक्खूंना औषध न मिळाल्याने मरण आले होते. उपशांत म्हणत होता, "भंते, मी करुणेने केलं."

शास्ते म्हणाले, "उपशांता, तू ते करुणेनेच केलंस, आणि आत्ताच नव्हे, पूर्वीही तू तसंच केलं होतंस." आणि त्यांनी ही पूर्वजन्मीची गोष्ट त्याला ऐकवली.

ती संपली. एका तरुण भिक्खूने विचारले, "भंते, त्या देशात ती रीत पुन्हा सुरू झाली का?"

"त्या जन्मात नाही," शास्ते म्हणाले. "नंतरचं मला विचारू नकोस."

मग त्यांनी जन्मांचा मेळ घातला. "त्या वेळचा नंदक म्हणजे आजचा उपशांत. शाल्मली म्हणजे भिक्खुणी विमुखा, जी काल त्याच वाटेवर मार खाऊन आली आणि आज पुन्हा निघाली आहे. गोभिल नायक म्हणजे तो चौकीवरचा पहारेकरी, ज्याने तिला मारलं. त्याला दोष देऊ नका. सारण वैद्य मी होतो. आणि मणिवर्मा राजा?" इथे शास्ते थांबले. "त्याचं नाव मी घेणार नाही. दोन्ही गणांच्या सभेत आज तो बसलेला आहे, आणि पुष्कळांच्या रूपानं बसलेला आहे. डोळे त्याचे अजून लाल आहेत, आणि कारण अजूनही खरंच मोठं आहे."

उपशांत रडू लागला. शास्त्यांनी त्याला रडू दिले.

जाणकार लोक या कथेत करुणा पाहतात. पण करुणा नंदकापाशीही होती, कदाचित थोडी जास्तच. सारणापाशी तिच्याखाली सत्य होते. आपल्या हातांनी जे कबूल केले, ते ऐकायला कोणी उरले नसतानाही त्याने ते मोडले नाही. त्या जन्मी बोधिसत्त्वाने सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण व्रत, पाळली ती अशी, आणि तिने कोणीही वाचले नाही.